विंगेतून दिसलेले अर्दलान आगा

"मेघना, एव्हरीथिंग ओके ॲट होम?" असं माझ्या मॅनेजरने भर मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा मला आधी प्रश्नच कळला नाही. भिंतीपलीकडच्या त्या आवाजाची मला पंधरा दिवसांत सवय झाली होती. लॅपटॉपच्या मायक्रोफोनला नव्हती. माझ्या पाठीमागे कुणीतरी पुरुष अगम्य भाषेत गरजत होता, मग विनवण्या करत होता, मग एकदम गप्प होत होता. स्क्रीनवरचे सगळे चेहरे काळजीत पडले होते, आणि त्या गप्प होण्याने तर ते जास्तच घाबरले. शेजाऱ्यांचा टीव्ही असेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली. मीटिंग संपली तशी तणतणत बाहेर पडले आणि शेजारच्या दाराची बेल दाबली.

सनीव्हेलमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारी भांडले तर आपण कुणाच्या बाजूचे हे आरामात ठरवता येतं. त्यामुळे काय काय बोलायचं याची मी चांगली तयारी करून गेले होते. दार उघडलं आणि ती सगळी तयारी वाया गेली. सकाळचे साडेनऊ, आणि समोर पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ करड्या सुटात उभे. गळ्याशी टाय, पायात लख्ख पॉलिश केलेले बूट. घरात. मी मात्र वर ऑफिसचा शर्ट आणि खाली पायजमा अशा अवतारात होते. आम्ही घरून काम करणारी माणसं कमरेच्या वरच नोकरी करतो. त्यांनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि दारातून असे बाजूला झाले, की जणू माझीच वाट बघत होते.

मी तक्रार करायला गेले होते आणि चहा पिऊन आले. चहा नको, असं मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी ते आनंदाने ऐकून घेतलं आणि चहा ओतला. सोबत दाताखाली धरायचा खडीसाखरेचा तुकडा, आणि फळांच्या ताटात सफरचंदांच्या शेजारी चक्क काकड्या. आमचं बोलणं इंग्रजीत होत असे. इंग्रजीत तू आणि तुम्ही हा भेद नाही, पण अर्दलान आगांचं इंग्रजी कायम 'तुम्ही'मधलंच असायचं. मला ते मेघना खानूम म्हणत. खानूम म्हणजे बाईसाहेब आणि आगा म्हणजे साहेब, हे कळल्यावर मी त्यांना आगा म्हणू लागले. पुढे आमच्या मराठी मंडळाने त्यांचे आगाकाका केले, म्हणजे साहेबकाका, पण त्यांनी ते पद हसून स्वीकारलं.

ते काय करत होते, हे त्यांनी त्या पहिल्या चहाला सांगितलं. तालीम. कशाची, तर कशाचीच नाही. ते इराणमधले नट. चाळीस वर्षांपूर्वी इराण सोडलं, तेव्हापासून रोज सकाळी नऊ ते दहा ते तालीम करत आले होते, आधी लॉस एंजेलिसमध्ये आणि आता इथे. बायको परवीन खानूम होत्या तोवर त्या समोर बसायच्या. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता समोर स्वयंपाकघराचा ओटा होता. माझी मुलगी सई, वय वर्षं सोळा, एकदा त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेली आणि येऊन म्हणाली, "मॉम, ही इज ॲक्टिंग टू द टोस्टर." मी तिला दटावलं. पण मग सूट कशाला, हे मलाही कळेना म्हणून एकदा विचारलं. त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं की प्रेक्षक असताना कसेही कपडे चालतात, ते सांभाळून घेतात. कुणीच नसताना नीट घालावे लागतात.

त्यांची एक खोड मात्र सगळ्या सनीव्हेलला त्रास द्यायची. कुठल्याही दारातून आत जाण्याआधी ते उंबऱ्याच्या अलीकडे एक पाऊल थांबत, एक श्वास घेत आणि मगच आत जात. नटाची एंट्री. लिफ्ट असो, बँक असो, डॉक्टरचा दवाखाना असो. दुकानांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांची तर त्यांच्यापुढे पंचाईत व्हायची. दार उघडे, आगा थांबत, दार मिटू लागे, मग बिचारं पुन्हा उघडे. मागे ढकलगाड्या घेतलेली माणसं खोळंबत, पण कुणी 'एक्सक्यूज मी' म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्या एका श्वासानंतर ते आत जात तेव्हा भाजीच्या दुकानातसुद्धा माणसं वळून बघत. मी त्यांच्यामागून आत जायची तेव्हा माझ्याकडे कुणी बघत नसे. आपण आयुष्यभर नुसतेच दारांतून आत-बाहेर करत आलो, असं तेव्हा वाटून जायचं.

अमेरिकेत त्यांनी काय कामं केली, याची यादी ते गमतीने सांगत. तीनदा टॅक्सीवाला, दोनदा दुकानदार, आणि बाकी सगळ्या वेळा बंदूक घेतलेला माणूस, जो पहिल्या वीस मिनिटांत मरतो. पण ज्या कामाचा त्यांना खरा अभिमान होता, ते ऐकून मी तोंडात बोट घातलं. एका मेडिकल कॉलेजात ते रोगी व्हायचे. इथे डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना सराव म्हणून नटांना रोगी करून बसवतात. कधी पोटदुखी, कधी कॅन्सर झाल्याचं नुकतंच कळलेला बाप. मुलांनी प्रश्न विचारायचे, धीर द्यायचा. एकदा त्यांनी स्मृती जाऊ लागलेला म्हातारा केला. डॉक्टर तीन शब्द सांगतो, पाच मिनिटांनी परत विचारतो. आगांनी पहिले दोन सांगितले आणि तिसऱ्याला असे थांबले, की समोरची मुलगी परीक्षा विसरून रडायला लागली आणि हळूच तो तिसरा शब्द त्यांना सांगून बसली. ते म्हणाले, त्या मुलीला नापास करू नका, असं मी तिच्या सरांना सांगितलं. एवढं चांगलं प्रॉम्प्टिंग मला फार दिवसांनी मिळालं होतं.

एका रविवारी मी त्यांना इराणी वाणसामानाच्या दुकानात घेऊन गेले. माझ्याकडे गाडी होती आणि मला केशर हवं होतं. तिथे त्यांच्याच वयाचा, काठी घेतलेला एक माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने आगांचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे भरून काहीतरी मागितलं. आगांनी नको नको म्हटलं. तो ऐकेना. शेवटी ऑलिव्हच्या बरण्यांसमोर उभं राहून आगा एक वाक्य बोलले. "चेराग रो खामूश नकोन. मन हनूज हस्तम." मला एक अक्षर कळलं नाही, पण अंगावर काटा आला. तो माणूस मात्र ओशाळल्यासारखा झाला. त्याने मान हलवली, आगांच्या खांद्यावर थोपटलं, काहीतरी समजुतीचं बोलला आणि काठी टेकत निघून गेला.

 परतताना गाडीत आगांनी उलगडा केला. ते वाक्य त्यांच्या सर्वांत गाजलेल्या सिनेमातलं. चहाच्या दुकानात मरायला टेकलेला नायक मालकाला म्हणतो, दिवा विझवू नकोस, मी अजून आहे. सगळ्या इराणने ते वाक्य तोंडपाठ केलं होतं. फक्त त्यात आगांचा आवाज नव्हता. त्या काळात तिथले सिनेमे स्टुडिओत डब व्हायचे. पडद्यावरच्या प्रत्येक नटाचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असायचा. आगांच्या सगळ्या सिनेमांत त्यांच्या तोंडून एकच माणूस बोलला, खर्जातला, मधासारखा. फार मोठा कलावंत होता, असं ते स्वतःच म्हणाले. दुकानातल्या त्या काठीवाल्याने त्यांची समजूत घातली होती की वय झालं की आवाज बदलतो, वाईट वाटून घेऊ नका.

"माझ्या तोंडात बारा वर्षं दुसरा माणूस राहिला," आगा म्हणाले. "माझे लोक मला बघून रडतात, पण त्यांनी मला ऐकलेलंच नाही. मरण्याआधी एकदा त्यांनी मला ऐकावं, एवढंच बाकी आहे."

 आवाज स्वतःचा असा त्यांनी वापरला होता तो फक्त रंगभूमीवर. त्यातलं सर्वांत आवडतं काम त्यांनीच लिहिलेलं एकपात्री नाटक होतं, वाळवंटातल्या छोट्या स्टेशनच्या म्हाताऱ्या स्टेशनमास्तरचं. गाड्या आता त्या स्टेशनवर थांबत नाहीत, तरी हा गणवेश घालून प्रत्येक गाडीला कंदील दाखवतो. तेहरानमधल्या एका लहान नाट्यगृहात त्याचे अकरा प्रयोग झाले आणि बंद करावे लागले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रोज सकाळी भिंतीपलीकडे चालायचा तो त्याचाच बारावा प्रयोग होता.

मी प्रॉम्प्टर आहे, हे त्यांना कळलं आमच्या मंडळाच्या नाटकात. नागपुरात कॉलेजच्या एकांकिकांपासून मी विंगेतच वाढले. रंगमंचावर उभं राहणं मला कधी जमलं नाही, पण विंगेतून कुणाचंही वाक्य मी कधी पडू दिलेलं नाही. त्या वर्षी मंडळाने दोन अंकी विनोदी नाटक केलं आणि पुण्याचा प्रसाद, जो एरवी प्रॉडक्ट मॅनेजर असतो, बापाच्या भूमिकेत होता. आगांना मी आग्रहाने बोलावलं होतं. भाषा येत नसताना ते अडीच तास ताठ बसून राहिले. दुसऱ्या अंकात मुलीला निरोप देताना प्रसाद मध्येच थांबला. मी लगेच पुढचा शब्द दिला. त्याने तो घेतला आणि नाटक पुढे गेलं. सगळं सुखरूप पार पडलं म्हणून मी खूश होते.

प्रयोगानंतर सगळे फोटो काढत असताना आगा मला शोधत विंगेत आले. त्यांचा चेहरा बघून मी जरा घाबरले. ते म्हणाले, "त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहण्याचं धाडस केलं होतं, आणि तुम्ही त्याला वाचवलंत." मग माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनी पुस्ती जोडली, की शब्द मात्र तुम्ही फार सुंदर देता, नुसती पहिली दोन अक्षरं, श्वासावर ठेवून. परवीन तसंच द्यायची. प्रसादला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "हो यार, पॉज घेत होतो, पण तू बोललीस म्हटल्यावर मला वाटलं खरंच विसरलो." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर आठवड्याभराने ते आमच्या घरी आले. दारात एक श्वास थांबले, आत आले, सोफ्यावर बसले. मी पोहे केले होते. त्यांनी नको म्हटलं. मी इथे बावीस वर्षं काढलेली, समोरच्याने नको म्हटलं की ते नकोच समजायची सवय लागलेली, म्हणून मी बशी उचलून आत घेऊन गेले. त्यांची नजर त्या बशीसोबत ओट्यापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी आई पाहुण्याला तिसऱ्यांदा आग्रह केल्याशिवाय त्याचं 'नको' ऐकलं असं धरतच नसे. यांच्याकडेही तीच रीत होती. मी बशी परत आणली, दोनदा आग्रह केला, आणि त्यांनी पोह्यांचा कणही मागे ठेवला नाही.

मग ते कामाचं बोलले. सॅन होजेमध्ये एक कम्युनिटी हॉल आहे, तिथे त्यांच्या लोकांसाठी ते नाटक करायचं. पन्नास मिनिटांचं करून घेतलं होतं. मी प्रॉम्प्ट करावं. मला हसूच आलं. मी म्हटलं, मला फारसीचं एक अक्षर येत नाही. त्यांनी प्रसन्नपणे मान डोलावली. मी म्हटलं, तुमच्यात पुष्कळ जाणकार माणसं असतील. त्यांनी पुन्हा डोलावली. मी म्हटलं, आगा, मी खरंच नाही म्हणतेय, माझ्याने हे होणार नाही. त्यावर त्यांनी समाधानाने पिशवीतून संहिता काढली आणि माझ्या हातात ठेवली. माझे तीन मनापासूनचे नकार त्यांनी सौजन्य म्हणून जमा करून घेतले होते. पोह्यांच्या बशीने मी स्वतःच त्यांना ती वाट दाखवली होती, आता तक्रार कुणाकडे करणार.

पण मीच का, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझं हसू गेलं. त्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले होते. या वेळी सराव नव्हता. "ही भूमिका मी कितीतरी वेळा केली आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या शब्दाला कसं थांबायचं हे मला चांगलं माहीत आहे. त्या दिवशी मी थांबलो, आणि मलाच कळेना की मी थांबलोय की अडकलोय." त्यांच्या लोकांपैकी कुणाला हे कळायला नको होतं. कळलं असतं तर सगळे नाटक बघण्याऐवजी म्हाताऱ्याची चूक कधी होते ते बघत बसले असते, प्रेमाने, पण बघत बसले असते. शिवाय भाषा येणारा प्रॉम्प्टर ऐकत बसतो. परवीन खानूम शेवटच्या प्रवेशाला दर वेळी रडायच्या आणि आगा तिथे अडकले तर अडकूनच पडायचे. त्यांना न समजणारं माणूस हवं होतं.

तीन महिने आम्ही काम केलं. ते एकेक वाक्य हळू म्हणत आणि मी ते वहीत देवनागरीत उतरवून घेई. अर्थ त्यांनी एकदाच, सबंध नाटकाचा सांगितला आणि मग म्हणाले, आता विसरून जा, अर्थ माझ्याकडे राहू दे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हीच माझी नोकरी, त्यामुळे अक्षर न् अक्षर तपासायची मला सवय आहे. जिथे थांबायचं तिथे त्यांच्या संहितेत 'मक्स' असा शब्द होता; मी तो तसाच लाल शाईने लिहिला. नाटकात असे एकवीस मक्स होते. तरी माझी भीती जाईना. लाल शाई नसलेल्या जागी ते थांबले तर? मागे प्रसादच्या बाबतीत माझं काय झालं होतं ते मी विसरले नव्हते.

"शब्दांकडे बघू नकोस," ते म्हणाले. एव्हाना त्यांचं इंग्रजी 'तू'वर आलं होतं. "माझ्या पाठीकडे बघ. मी थांबतो तेव्हा श्वास घेत असतो. विसरतो तेव्हा श्वासच थांबतो."

मग मी रोज ऑफिसआधी तासभर त्यांच्या पाठीमागे स्टुलावर बसून त्यांचे खांदे बघू लागले. सुटाच्या कापडाखाली ते वर-खाली होत. आणि हळूहळू मला ते दिसायला लागलं. शब्द गेला की खांदे जागच्या जागी गोठत, अगदी एक क्षण, आणि त्या क्षणात मी दोन अक्षरं ठेवायची. कधी दिवसातून एकदा, कधी आठदा.  पण ज्या दिवशी त्यांचा सूर लागे, त्या दिवशी समोरच्या ओट्यावर मला खरोखर वाळवंट दिसायचं, आणि मी तर त्यांचा चेहराही बघत नव्हते. नुसत्या पाठीने नाटक करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. हॉल भरला. बहुतेक माणसं आगांच्या वयाची, चांगले कपडे करून आलेली. पहिल्या रांगेत तो काठीवाला माणूसही होता. प्रकाशयोजना प्रसादने आपणहून अंगावर घेतली होती. त्याच्या आणि माझ्या कानाला हेडफोन होते. शेवट ठरलेला होता. स्टेशनमास्तर कंदील विझवतो, आता घरी जातो असं म्हणतो, आणि प्रसादने तिथे संपूर्ण अंधार करायचा. आगा विंगेत माझ्याशेजारी उभे राहिले, एक श्वास घेतला आणि आत गेले.

पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांत चुळबुळ होती. ते त्या मधाळ आवाजाची वाट बघत होते, आणि हा आवाज वेगळा होता. जरा पातळ, कडेला खरखरीत, बोलता बोलता मध्येच उघडा पडणारा. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. पण आगांनी घाई केली नाही. दहाव्या मिनिटाला चुळबुळ थांबली. विसाव्या मिनिटाला कुणी खोकेनासं झालं. चारदा खांदे गोठले, चारदा मी अक्षरं दिली, चारही वेळा त्यांनी ती अशी उचलली की शेजारी उभ्या असलेल्या सईलाही कळलं नाही.

मग शेवट आला. त्यांनी कंदील वर उचलला, काच सरकवली आणि थांबले.

वहीत तिथे लाल शाई नव्हती. मी पुढच्या शब्दावर बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि पाठीकडे पाहिलं. खांदे हलत होते. सावकाश, वर आणि खाली. कानात प्रसाद म्हणाला, "मेघना, विसरले का ते? ब्लॅकआउट देऊन टाकू?" मी म्हटलं, "थांब."  प्रसाद पुन्हा म्हणाला, फार वेळ झाला, अंधार केला तर झाकून जाईल, टाळ्या पडतील. त्याचं बरोबर होतं. वही सांगत होती की ते अडकलेत आणि पाठ सांगत होती की नाही. या माणसाची आयुष्यभराची एकच इच्छा, आणि ती माझ्या दोन अक्षरांवर अडली होती. मी वही मिटली. प्रसादला म्हटलं, काहीही झालं तरी दिवा घालवू नकोस.

आगांनी कंदिलाची काच पुन्हा खाली सरकवली. तो विझवलाच नाही. प्रेक्षकांकडे बघत, अगदी शेजारच्याशी बोलावं इतक्या हळू, ते म्हणाले, "चेराग रो खामूश नकोन. मन हनूज हस्तम."

हे वाक्य नाटकात नव्हतं. ऑलिव्हच्या बरण्यांसमोर ऐकलं होतं म्हणून मला कळलं, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं, कारण ते त्यांना पन्नास वर्षं पाठ होतं. फक्त ते त्यांनी आजवर या माणसाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. कुणी टाळी वाजवली नाही. आधी तो काठीवाला उठला, काठी खुर्चीलाच राहिली, आणि मग एकेक करत सगळे उभे राहिले. अंधार झालाच नाही. त्या उजेडातच नाटक संपलं. मी विंगेत रडत होते, आणि परवीन खानूम दर वेळी इथेच का रडायच्या हे मला भाषेशिवाय समजलं होतं.

परतताना गाडीत मी न राहवून विचारलं, आगा, विसरला होतात की ठरवून? ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मलाच विचारलं, विंगेतून काय दिसलं? मी म्हटलं, श्वास चालू होता. ते म्हणाले, मग झालं तर.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी नसरीन त्यांना सॅक्रामेंटोला आपल्याकडे घेऊन गेली, आणि काही महिन्यांनी तिथल्याच एका वृद्धनिवासात ठेवलं. भिंतीपलीकडे आता एक तरुण जोडपं राहतं. ते भांडतसुद्धा नाहीत. सकाळी नऊला मीटिंग शांततेत होते आणि मला ती शांतता सहन होत नाही.

मागच्या वसंतात मी भेटायला गेले. सईने ड्राइव्ह केलं. नसरीनने फोनवर बजावलं होतं की ते आता माणसं ओळखत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. बागेकडच्या खिडकीपाशी ते बसले होते. करडा सूट, टाय, पायात पॉलिश केलेले बूट. तिथली नर्स म्हणाली की याशिवाय ते खोलीबाहेर पडत नाहीत आणि प्रत्येक दारात थांबतात, आम्ही आता त्यांच्यामागे थांबायला शिकलो आहोत. मी समोर बसले. सनीव्हेलचं बोलले, प्रसादचं बोलले, सईच्या कॉलेजचं बोलले. ते माझ्याकडे सौजन्याने बघत होते, अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे. मग त्यांनी छातीवर हात ठेवला, थोडे पुढे झुकले, ओठ उघडले आणि थांबले.

ते माझं नाव शोधत होते. मला राहवेना. जुन्या सवयीने मी पहिली दोन अक्षरं श्वासावर ठेवली. "मेघ..."

आगांनी एक बोट वर केलं. आवाज नाही, राग नाही, फक्त बोट. मी त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं. सुटाच्या कापडाखाली ते वर-खाली होत होते, सावकाश, एकसारखे.

मी पुन्हा शब्द दिला नाही. सईने घड्याळ पाहिलं, तिलाही मी हातानेच थांबवलं, आणि आम्ही दोघी गप्प बसून राहिलो.